सापडत नाही

मार्केट यार्डाच्या मागच्या गेटाला साठ टनी भुईकाटा.
केबिनमध्ये राजमती मगदूम,
एक पंखा, एक पडदा,
आणि माउसवर उमटलेला पिवळा अंगठा, न निघणारा.

काट्याच्या प्रोग्रामची वाक्यं
मी गेल्या उन्हाळ्यात मराठीत आणली,
विश्रामबागेतल्या भाड्याच्या खोलीत,
काळ्या पडद्यावर एकेक कमांड टाकत.
वरच्या ओळीत त्यांचं म्हणणं,
खालच्या ओळीत दोन अवतरणचिन्हं,
मधे काही नाही.
झटकून वाळत घातलेल्या पोत्यासारखं.

शब्दकोश होता. घाईही होती.
फेटल एररला लिहिलं 'घातक त्रुटी',
ॲबॉर्टला 'परित्याग',
आणि ब्रोकन पाइपला, आईशप्पथ, 'नळी तुटली'.

फोन आला सकाळी सात पंचवीसला.
'सर, घातक म्हणायलंय. हात लावू का नको?
मागं अकरा गाड्या हाईत हळदीच्या,
जतचा ड्रायव्हर हॉर्नवरनं हात काढंना.'
दुपारी परत:
'आता नळी तुटली म्हणतंय. प्लंबर बोलावलाय,
तो म्हणतोय, बाई, इथं नळच नाही.'

मी हसलो. फोन ठेवल्यावर हसू टिकलं नाही.

संध्याकाळी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसलो,
पावत्यांच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप,
एकेक वाक्य वाचून दाखवलं.
ती ऐकायची, खरेदीदार हळकुंड मोडून
त्याचा आवाज ऐकतो तशी.

'परित्याग? कुणी कुणाला टाकलं?'
खोडलं. 'काम मध्येच थांबवलं' झालं.
घातकच्या जागी तिनंच सांगितलं, लिहा:
'काटा बंद पडला. वजन जपून ठेवलंय. वायर बघा.'
वजन जपून ठेवलंय, हे मूळ वाक्यात नव्हतं.
मी कोड उघडला, खाली खाली गेलो.
ठेवलेलं होतं, खरंच.
फक्त आजवर तसं कुणी बोललं नव्हतं.

मग अडलो ते एकाच ठिकाणी.
टक्का-एस नॉट फाउंड.
'ह्यो कसला टक्का? अडतीचा?'
नाही, म्हटलं, जागा राखलीय, नाव मागनं येईल.
गाडी येईल, माल येईल, पोतं येईल,
खातेदार येईल बिसूरचा.
इंग्रजीला काय, फाउंड म्हटलं की सुटली.
आमच्यात, हरवलंय ते तो की ती की ते
हे ठाऊक नसेल
तर हरवलं म्हणायलाही तोंड उघडत नाही.
सापडला? सापडली? सापडलं?
तीन वाक्यं लिहिली, तिन्ही पुसली.
कंस घातले, काना-वेलांट्या तिरक्या रेघेनं तोडल्या.
'हे वाचायचं कसं?' ती म्हणाली. 'शिंकल्यागत?'

बाहेर कुणीतरी ताडपत्री आवळत होतं.
तिनं बाटलीतलं पाणी प्यायलं, झाकण लावलं.
'सापडत नाही लिहा की.
गाडी सापडत नाही. माल सापडत नाही. पोतं सापडत नाही.
समद्यांना चालतंय.
आणि अजून शोधायलाय, असं वाटतं.'

मी लिहिलं. बांधणीची कमांड दिली. एंटर.
पडदा गप्प. चूक नसली की तो तोंड उघडत नाही.
आकडे मागितले तेव्हा बोलला:
तीनशे बारा पूर्ण, चार धूसर.
'धूसर म्हंजे?'
जुळतंय असं यंत्राला वाटतं,
पण कुणीतरी डोळ्यांनी बघायला पाहिजे.
'आमच्या धाकट्याच्या स्थळांसारखं,' ती म्हणाली.

तेवढ्यात तासगावकडनं एक आयशर काट्यावर चढली.
तिनं नंबर टाकला, एक आकडा चुकला.
पडदा म्हणाला, गाडी सापडत नाही.
'शोध मग,' राजमती त्याला म्हणाली,
आणि पदरानं चष्मा पुसून
पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरू झाली.